ओठ बधिर झाला का?

कोल्हापूर
४ ऑगस्ट २०२३

ती. केरबा मामांस,
संयोगिताचा शि. सा. नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. होस्टेलच्या वॉचमनने ते हातात देताना विचारलं, "मॅडम, या जमान्यात तुम्हाला पत्रं कोण लिहितंय?" मी म्हटलं, माझे मामा. पस्तीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागावर उभे राहून त्यांचे कान गेलेत. फोन कानाला लावून उपयोग नाही आणि मोबाइलवरची बारीक अक्षरं त्यांना दिसत नाहीत. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, पण म्हणाला, यापुढे मामांचं पत्र आलं की वर तुमच्या खोलीपर्यंत आणून देतो.

आता तुमच्या दाढेबद्दल. लवंगतेल लावत बसू नका. उजव्या बाजूची खालची दाढ, गरम-गार लागलं की कळ कानापर्यंत जाते, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे कीड दाढेतल्या नसेपर्यंत पोचली आहे. रूट कॅनाल करावं लागेल. आणि गंमत बघा, माझा प्रबंध अशाच दाढांवर आहे. दाढ आतून सुजलेली असली की भुलीचं इंजेक्शन नेहमीसारखं लागू पडत नाही. लिग्नोकेन हे जुनं औषध, सगळीकडे वापरतात ते. आर्टिकेन त्यामानाने नवं. दोन्हींतलं कोणतं दुखणं जास्त थांबवतं, हे मला साठ पेशंटवर बघायचंय. औषधाच्या नळीवर फक्त नंबर असतो, आत कोणतं आहे ते मलाही माहीत नसतं. इंजेक्शन दिल्यावर खालचा ओठ बधिर झाला की भूल चढली असं धरायचं आणि काम सुरू करायचं. मग किती दुखलं याची खूण पेशंटने एका रेघेवर करायची. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य.

चाळीस पेशंट झाले. त्यातले चौदा मध्येच ओरडले. गेल्या आठवड्यात एका बाईंनी माझा हातच धरला. आमचे गाइड सर सगळ्यांसमोर म्हणाले, "औषधात दोष नाही, तुझ्या हातात आहे." मामा, मी त्या दिवशी जेवले नाही. आईला सांगू नका.

तुम्ही या. मी हळू करीन.

तुमची,
संयोगिता

* * *

इचलकरंजी
११ ऑगस्ट २०२३

चि. संयोगितास,
केरबा मामाचा आशीर्वाद.

पत्र पोचलं. तुझा सर कोण लागून गेलाय ते मला म्हायत न्हाय, पण त्येला म्हणावं ये की एक दिस आमच्या कारखान्यात. चार मागांवर नजर ठेवून एक धागा तुटू न देता धा तास उभा ऱ्हा, मग हाताच्या गोष्टी कर. आपल्या घराण्यात कुणाच्या हातात दोष न्हाय. तुझी आजी आंधळी झाल्यावर बी सुईत दोरा ववत हुती.

मी सोमवारी २१ तारखेला येतो. माझी पाळी गैबी बघंल. गैबी म्हंजे तोच, आमच्या शेजारच्या मागावरचा, तुझ्या बारशाला पेढं घिऊन आलता बघ. तुझी बनामामी म्हणतीया दाढ उपटूनच टाका, कशाला पोरीच्या डोक्याला ताप. मी म्हटलं, उपटायला काय कोण बी उपटंल. आपली पोर डॉक्टर हाय ती कशाला मग?

आणि एक लक्षात ठेव. तुझा एक्केचाळीसावा पेशंट वरडणार न्हाय.

मामीनं दशम्या करून द्यायचं ठरवलंय. तुझ्या मैत्रिणींस्नी बी पुरतील.

तुझा मामा,
केरबा

* * *

कोल्हापूर
२५ ऑगस्ट २०२३

ती. मामांस,
सा. नमस्कार.

दशम्या एका बैठकीत संपल्या. स्नेहल, माझी रूममेट, म्हणते पुढच्या वेळी मामांची दुसरीही दाढ धरू.

मामा, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय केलंत ते. रेघेवर तुम्ही शून्यावर खूण केलीत तेव्हा सर माझ्या मागेच उभे होते. त्यांनी कागद हातात घेतला, तुमच्याकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "आता बसला हात." दोन वर्षांत पहिल्यांदा! मी तुमच्या डोळ्यांवरचा दिवा बाजूला केला, तेव्हा तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दिव्यामुळे येतं पुष्कळांना.

भूल तर इतकी झटकन चढली की मी चकितच झाले. इंजेक्शन देऊन दोन मिनिटं झाली नसतील, मी ओठावर टोचून खुणेने विचारलं, बधिर झाला का? आणि तुम्ही लगेच मान हलवलीत. इतरांना दहा-दहा मिनिटं लागतात.

दाढेवर अजून टोपी बसवायची आहे, ती महिन्याभराने. ओठाचा जडपणा त्या संध्याकाळपर्यंत गेला असेलच. तरी कळवा, मला नोंद करावी लागते.

तुमची,
संयोगिता

* * *

इचलकरंजी
३ सप्टेंबर २०२३

चि. संयोगितास आशीर्वाद.

दाढ आता ठणकत न्हाय. भाकरी त्या बाजूनं खातोय. सरानं तुला चांगलं म्हटलं ह्ये वाचून मी पत्र गैबीला दावलं, त्येनं मागावरच्या सगळ्यांस्नी.

ओठाचं इचारलंस. ओठ अजून जडच हाय. च्या पिताना वघळ येतो आन् मला कळत न्हाय, मामी पदरानं पुसती. परवा बिडी शेवटापर्यंत आली, ओठाला चटका बसला, वास आल्यावर कळलं. बाकी काय तरास न्हाय. तू नोंद काय करायची ती कर, बरा हाय म्हणून लिव.

गणपतीला येणार का न्हाईस?

तुझा मामा

* * *

कोल्हापूर
८ सप्टेंबर २०२३

ती. मामांस,

तुमचं पत्र मिळालं. तेरा दिवस झाले तरी ओठ बधिर?

मामा, हे माझ्या सुईनं झालंय. जबड्याच्या आत एक नस असते, तिच्याजवळ औषध सोडायचं असतं. क्वचित कधी सुई नसेलाच लागते, किंवा औषधानेच नस दुखावते. मी पुस्तकं काढून बसले. बहुतेकांना आठ ते बारा आठवड्यांत आपोआप बरं होतं, असं लिहिलंय. सोबत गोळ्यांचं नाव लिहून देते, रोज एक घ्या. दाढी करताना आणि गरम खाताना जपा. बिडी तर सोडाच.

एक सांगते, कुणाला बोलू नका. मी सरांना हे सांगितलेलं नाही. नियमाने लगेच कळवायला हवं. पण नोव्हेंबरमध्ये प्रबंध द्यायचाय. हे कळवलं की कमिटी बसणार, सगळं थांबणार, आणि सर पुन्हा तेच म्हणणार. म्हणून तुमच्या कागदावर मी "काही त्रास नाही" असं लिहिलं. तुम्ही तसंच लिव म्हणालात, पण तुम्ही म्हणालात म्हणून मी लिहिलं असं नाही. मी माझ्या भीतीनं लिहिलं.

बारा आठवडे थांबू. येईल बरं.

संयोगिता

* * *

इचलकरंजी
२२ सप्टेंबर २०२३

चि. संयोगितास,

तू कशाला रडतीस? ओठाचं काय घिऊन बसलीस. मला काय शिट्टी वाजवायची हाय व्हय? गोळ्या चालू केल्यात. सराला काय बी सांगू नगंस. तू परीक्षा दे, मोठी डॉक्टर हो, मग एकदा दोघं मिळून त्येच्याकडं जाऊ आन् सांगू.

गणपती बसला. गैबी आरतीला आलता. तू आली न्हाईस त्येचं काय न्हाय, अभ्यास हाय तुला. टोपी बसवायला आत्ता येत न्हाय, कारखान्यात नवा माल लागलाय. पाठ जरा धरलीया, मागावर वाकून वाकून. खोकला तर आमच्या हितं सगळ्यांस्नीच असतो, रुई उडती.

तुझा मामा

* * *

कोल्हापूर
१९ डिसेंबर २०२३

ती. मामांस,

दिवाळीनंतर तुमची दोन पत्रं आली, मी उत्तर दिलं नाही. प्रबंध दिला. कोणत्या नंबरात कोणतं औषध, ती बंद पाकिटं उघडली. तुम्हाला आर्टिकेन मिळालं होतं. आर्टिकेनवाल्यांना थोडं कमी दुखलं, फरक अगदी काठावरचा, पण मोजण्यासारखा निघाला. सर खूश होते.

काल मी सरांना सगळं सांगितलं. बारा आठवडे होऊन गेले, सोळा होऊन गेले, आणि आईने फोनवर सांगितलं की तुम्ही फार वाळलात. मला राहवलं नाही. मला वाटलं होतं ते ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ओठ इंजेक्शनच्या आधीपासून बधिर होता का?"

मी म्हटलं, "नाही सर. फॉर्म भरताना विचारलं होतं मी. कुठं बधिरपणा नाही ना, असं."

"तोंडाने विचारलंस?"

"हो."

"तो माणूस ठार बहिरा आहे ना?"

मामा, मला आठवलं. मी खाली बघून भराभर प्रश्न वाचत होते आणि तुम्ही प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होता. दाढ दुखते का, हो. बिडी ओढता का, हो. मी जे उत्तर अपेक्षित होतं ते लिहीत गेले.

सर उठून खिडकीशी गेले. म्हणाले, "सुईने झालं असेल तर देव पावला. आधीपासून असेल तर मला त्याचा छातीचा फोटो आणि जबड्याचा स्कॅन ह्या आठवड्यात पाहिजे." छातीचा का, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं. आम्हाला दुसऱ्या वर्षाला शिकवतात.

मामा, खरं सांगा. माझ्यासाठी चांगलं काय, याचा विचार न करता सांगा. ओठ आधीपासून बधिर होता का?

संयोगिता

* * *

इचलकरंजी
२३ डिसेंबर २०२३

चि. संयोगितास,

व्हय. आधीपासून हुता.

बेंदराच्या आसपास, बैलांच्या सणाला, आषाढात सुरू झालं. आधी हनुवटीचा उजवा भाग, मग ओठ. दाढी करताना कापलं, रगत सदऱ्यावर पडलं तवा मामीला दिसलं. मला वाटलं दाढेमुळंच असंल. दाढ दुखती तर ओठ बी धरला असंल, तू दाढ बरी केलीस की त्यो बी सुटंल. तुला सांगायची गोष्ट हाय असं डोक्यातच आलं न्हाय गं.

आता खुर्चीतलं सांगतो. तू इंजेक्शन दिलंस. मग ओठावर टोचलंस आन् बोटानं इचारलंस, बधिर झाला का? ओठ बधिरच हुता, मी मान हलवली. ते खोटं न्हवतं. मग दाढ बधिर झाली का बघाय तू तो गार फवारा लावलास. तवा कळ आली. मेंदूपर्यंत आली. मी तुझ्या मागं बगितलं तर तुझा सर उभा हुता, हाताची घडी घालून. मी मान हलवली, काय न्हाय म्हणून. ते खोटं हुतं.

तू मशिन लावलंस. संयू, मागात हात घावला हुता माझा एकदा, दोन बोटांची नखं गेली, ते बी असं न्हवतं. मी खुर्चीचं हात धरून ठिवलं. डोक्यात एकच, ही पोर त्या दिशी जेवली न्हवती. मी वरडलो तर पंधरा हुतील. डोळ्यातनं पाणी आलं तर तू दिवा बाजूला केलास. मला बरं वाटलं. मग तू कागद दिलास आन् मी शून्यावर फुली मारली. मला वाटलं एक फुलीच तर हाय.

मग तू लिवलंस की माझ्या सुईनं झालं. तवा सांगायला पायजे हुतं. पण ओठ आधीचा म्हणून सांगितलं असतं तर शून्य बी खोटं निघालं असतं. तुझा प्रबंध गेला असता. मी म्हटलं, नोव्हेंबर जाऊ दे.

आता छातीचा फोटो कशाला पायजे? दाढेचा आन् छातीचा काय संबंध? मंगळवारी गैबीसंगं येतो. तू घाबरू नगंस.

मामा

* * *

कोल्हापूर
२८ जानेवारी २०२४

ती. मामांस,

तुमच्याबरोबर महिनाभर दवाखान्यात होते, पाटीवर लिहून बोलत होते, तरी हे पाटीवर लिहिता आलं नाही. तिथं लिहिलं की पुसायचं असतं.

तुम्ही डॉक्टरांना म्हणालात, "मला लिवून द्या, सगळं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. म्हणून मी लिहिते.

गाठ फुप्फुसात आहे. तिथून ती हाडांत गेली. पाठीच्या मणक्यात आहे, आणि जबड्याच्या हाडात, जिथून ओठाची नस जाते तिथं. तिनं नस दाबली म्हणून ओठ बधिर झाला. दाढेची कीड खरीच होती. ती वेगळी. दोन दुखणी एका जागी आली आणि मला एकच दिसलं. काढून टाकता येईल असं आता काही नाही. किरणांनी पाठीचं दुखणं थोडं कमी होईल. मी डॉक्टरांना विचारलं, ऑगस्टमध्ये कळलं असतं तर? ते म्हणाले, "तेव्हाही पसरलेलंच होतं. पण तेव्हा तो माणूस चालत होता, खात होता. काही महिने मिळाले असते, बरे महिने." किती, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी पुन्हा विचारलं नाही.

मी पुस्तकात वाचलं होतं, मामा. कारण न दिसता हनुवटी बधिर झाली तर कर्करोग शोधा. परीक्षेत लिहिलंही होतं, पाच मार्कांना. माझ्या समोरच्या खुर्चीत ते बसलं होतं आणि मी त्याला भूल चढली असं म्हटलं.

प्रबंध मी परत मागितला. तुमची खूण काढून खरी लिहिली की आर्टिकेनचा फरक उरत नाही. दोन्ही औषधं सारखीच. म्हणजे सारखीच अपुरी. सरांनी कमिटीला कळवलं, मला सहा महिने मागे ठेवलंय. ते बरोबरच आहे.

संयोगिता

* * *

इचलकरंजी
१४ मार्च २०२४

चि. संयोगितास,

लिवायला तरास हुतोय, थोडक्यात लिवतो.

आता घरातच हाय. गोळ्या लागू पडत न्हाईत तितक्या. पाठीपरीस जबडा जास्त दुखालाय. आत ठणके मारत्यात. गेल्या म्हैन्यात जबड्यासाठनं तू कॉलेजात इंजेक्शन दिलंस त्येनं तीन तास बरं वाटलं हुतं. खरं सांगतोय, ह्या बारीला खरं. तीन तास मी झोपलो. मामी म्हणाली, चेहरा पैल्यासारखा दिसत हुता.

तसलं आणखी एक देशील का? कोल्हापूरला येणं हुणार न्हाय. तू येशील का? कोणतं बी औषध चालंल, जुनं काय, नवं काय.

प्रबंधाचं वाईट वाटलं. मी शून्य लिवायला नगं हुतं आन् तू बी खाली बघून इचारायला नगं हुतं. झालं ते झालं असं मी म्हणत न्हाय, कारण अजून हुतंयच.

मामा

* * *

कोल्हापूर
२३ मार्च २०२४

ती. मामांस,

इंजेक्शन रोज देता येत नाही. तीन तासांनी दुखणं परत येतं आणि जबड्यात गाठ आहे, तिथं पुन्हा पुन्हा सुई घालणं बरं नाही. मॉर्फिनच्या गोळ्या वाढवायला मी डॉक्टरांशी बोलले आहे, नवी चिठ्ठी गैबीकाकांकडे पाठवते.

हे सगळं खरं आहे. पण हे कारण नाही. त्या दिवशी तुम्हाला सुई देताना माझा हात पुढे जाईना, म्हणून सरांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली. ते इंजेक्शन मी दिलं नव्हतं, सरांनी दिलं होतं. तुमचे डोळे मिटलेले होते. त्यानंतर मी कुणालाच सुई दिलेली नाही. स्नेहल माझे पेशंट करते.

रविवारी यायचा प्रयत्न करते.

संयोगिता

* * *

इचलकरंजी
९ मे २०२४

चि. संयोगितास,
बनाबाई मामीचा आशीर्वाद. अक्षर गैबीभाऊंचं हाय, मी सांगतीया.

तू त्येंच्या तेराव्याला आलीस आन् दारातनंच परत गेलीस. तुझ्या आईनं सांगितलं तुला चक्कर आली. असंल.

तू रविवारी येणार म्हणून लिवलं हुतंस. त्येंनी ते पत्र वाचून घेतलं आन् अंघोळ घालाय सांगितली. दाढी करून घेतली गैबीभाऊंकडनं. दिसभर दाराकडं तोंड करून बसलं. पुढल्या रविवारी बी तसंच. त्येच्या पुढल्या रविवारी बसता येईना. तुझ्याबद्दल वाकडं एक अक्षर बोललं न्हाईत. बोललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

शेवटचं धा दिस वाईट गेलं. गोळ्यांनी गुंगी यायची, पण गुंगीत बी कण्हत हुतं. स्वतःचा आवाज त्यांस्नी ऐकू येत न्हवता, म्हणून लई मोठ्यानं. गल्लीतल्या बायका येऊन बसायच्या आन् उठून जायच्या. एकदा शुद्धीवर आलं तर मला म्हणालं, "मी वरडतोय काय गं?" मी मानेनं न्हाय म्हणून सांगितलं.

माझा तुझ्यावर राग हाय. तो जाईल का न्हाय मला म्हायत न्हाय. पण एक सांगायचं राहिलंय, ते मी कुणाला सांगितलं न्हाय, गैबीभाऊ बी आत्ताच ऐकत्यात. बेंदराला रगत सदऱ्यावर पडलं तवा मी म्हटलं हुतं, संयूला कळवा. ते म्हणालं, राहू दे. तू मला दिवाळीच्या आधी दोनदा फोन केलास, मामा कसं हाईत म्हणून. दोन्ही बारीला मी बरं हाईत म्हटलं. ओठ आधीचा हाय, तुझ्या सुईचा न्हाय, एवढं सांगायला मला काय लागलं असतं? पर त्येंनी शपथ घातली हुती, आन् मला बी वाटलं पोरीची परीक्षा हुईल.

तुला वाटत असंल तुझ्या एकटीमुळं झालं. तसं न्हाय. पण त्येनं काय हलकं हुत न्हाय, मला तर न्हाय झालं.

चष्मा, काठी, कपडं वाटून टाकलं. माग कारखानदारानं दुसऱ्याला दिला.

गैबीभाऊ इचारत्यात, आणखी काय लिवू म्हणून. मला काय सुचंना.